चपला बाहेर काढाव्यात

तुमच्या कानांची आणेवारी कोणी काढली आहे का?

हसू नका. पिकाची आणेवारी काढतात हे वऱ्हाडात कोणाला सांगावे लागत नाही. महसुलाचा साहेब धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहतो. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, त्या हिशेबाने यंदाचे किती ते कागदावर टाकतो आणि निघून जातो. आकडा सहा आण्यांच्या खाली गेला तर सरकारला शेतसाऱ्याची वसुली थांबवावी लागते. म्हणून तो सहसा खाली जात नाही, सहाच्या जरासा वर रेंगाळत राहतो. हे आपण बघत आलो आहोत. पण माणसाच्या कानांची आणेवारी काढणारा एक गृहस्थ अकोल्यात होता, आणि तो मला जन्मभर विसरता येणार नाही. डॉक्टर नीळकंठराव मोहदरकर. त्याचा उल्लेख मी 'ते' असा करायला हवा हे मला कळते. वयाने, शिक्षणाने, कपड्यांनी तो मोठा होता. पण आदरार्थी अनेकवचन फुकट वाटायचे दिवस माझ्यापुरते संपले आहेत.

मी तेव्हा अमरावतीचे कॉलेज अर्धवट सोडून अकोल्यात आलो होतो. जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांची एक छोटी युनियन होती, तिच्या एका खोलीच्या कचेरीत बसून मी अर्ज लिहीत असे आणि उरलेल्या वेळात पत्रके. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याला आमच्याकडे जीन म्हणतात आणि ते काम करणाऱ्या यंत्राला रेचा. पत्र्याच्या एका लांबलचक शेडमध्ये रेच्यांची रांग असते. प्रत्येक रेच्यासमोर एक बाई उभी राहून त्याला कापूस भरवत असते. तो आवाज सांगून कळणार नाही. शेडमध्ये पाऊल टाकले की पहिल्यांदा वाटते आपले दात हलत आहेत. बाया तिथे तोंडाने बोलत नाहीत, ओठांनी बोलतात. आवाज न काढता नुसते शब्द घडवतात, आणि समोरची ते वाचते. संध्याकाळी घरी गेल्यावर त्या ओरडून बोलतात, तेव्हा शेजारच्यांना वाटते भांडण चालले आहे.

जीनमालकांनी कामगारांच्या तपासणीसाठी नेमलेला डॉक्टर म्हणजे हा मोहदरकर.

त्याच्याविषयी पहिली गोष्ट सांगायची ती ही, की त्याच्याइतके तयार कान मी दुसऱ्या माणसाचे पाहिले नाहीत. दवाखाना एका जुन्या इमारतीच्या माडीवर होता. लाकडी जिना, वर सागवानी फळ्यांची जमीन, रस्त्याकडे दोन खिडक्या. एकदा मी कसलासा कागद घेऊन गेलो असताना तो बोलता बोलता थांबला. खिडकीतून वाकून खालच्या टांगेवाल्याला म्हणाला, "अहो, मागचा डावा नाल सैल झालाय. पडेल." टांगेवाल्याने घोड्याचा पाय उचलून पाहिला. नाल खरोखर सैल होता. डॉक्टर परत खुर्चीत बसला आणि माझ्याकडे बघून नुसता हसला. त्या हसण्यात एवढा निर्मळ आनंद होता की मलाही हसू आले. ते आठवले की आज मला स्वतःचीच लाज वाटते.

त्याच्या दवाखान्यात कोणी खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. कंपाउंडर चहा पिताना फुरका मारी, म्हणून त्याला चहा प्यायला अंगणात पाठवले जाई. डॉक्टर स्वतः रबरी तळाचे पांढरे कॅनव्हासचे बूट घाली. रोज सकाळी कंपाउंडर त्यांना ओला खडू लावून उन्हात ठेवी. ते बूट घालून तो चाले तेव्हा फळीसुद्धा कुरकुरत नसे. तुम्ही मान खाली घालून बसलेले असायचे आणि अचानक त्याचा लवंगेचा वास खांद्यापाशी यायचा. तो संध्याकाळी तानपुरा जुळवी. त्याच्याकडे एक स्वरकाटा होता, दोन बोटांचा पोलादी चिमटा असतो तसा. ठोकला की एकच स्वर लांबपर्यंत वाजत राहतो. वैद्यकाच्या शिक्षणात तो कान तपासण्यासाठी दिलेला असतो, हे मला पुढे एका सरकारी दवाखान्यातल्या नर्सने सांगितले. मोहदरकरने तो कामगाराच्या कानाला कधी लावला नाही. त्याने तो तानपुऱ्यासाठी राखून ठेवला होता.

कामगारांसाठी त्याच्याकडे पासरी होती.

पासरी म्हणजे पाच शेरांचे लोखंडी वजन. बाजारात किलोची वजने आली, तेव्हा धामणगावला त्याच्या मेहुण्याच्या धान्याच्या दुकानातले हे वजन निकामी झाले. मेहुणा ते भंगारात काढणार होता, डॉक्टरने मागून आणले. तपासणीची रीत अशी. कामगाराने भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. डॉक्टर रबरी बुटांनी मागे जायचा, पासरी कमरेइतकी उचलायचा आणि फळ्यांवर सोडून द्यायचा. माणूस दचकला, वळला, निदान त्याचे खांदे हलले, की झाले. "कान शाबूत. चौदा आणे." फारच मंद हलला तर बारा. एका म्हाताऱ्या बॉयलरवाल्याला त्याने दहा आणे दिले होते. त्या दिवशी स्वतःच्या उदारपणाने तो इतका हेलावला की त्याने त्याला खोकल्याचे औषधही फुकट दिले. दहाच्या खाली त्याच्या हातून कोणाचा कान गेल्याचे मी ऐकले नाही.

ही आण्यांची भाषा त्याच्याकडे वडिलांकडून आली होती. वडील नायब तहसीलदार होते आणि त्यांनी हयातभर पिकांची आणेवारी लावली. डॉक्टर अभिमानाने सांगे, "वडिलांच्या हातून एकदाही सहाच्या खाली आकडा गेला नाही. मग पाऊस पडो न पडो." त्याला यात काही विनोद दिसत नसे. "माणसाने खाली उतरू नये, पत्रकवाले," तो म्हणे. मला तो पत्रकवालेच म्हणायचा. "काय पत्रकवाले, आज कोणाला खाली खेचणार?" असे म्हणून माझ्यापुढे लवंगांची डबी धरायचा. मी लवंग घेत नसे. तो रागावत नसे. त्याला राग येत नसे हीच त्याची सगळ्यात संतापजनक सवय होती.

त्याचे आवडते वाक्य होते: "बहिरेपण हा नव्वद वेळा आळसाचा प्रकार असतो. ऐकायचे नसते म्हणून ऐकू येत नाही."

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. कामावर असताना इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची. त्यासाठी एक तक्ता आहे. हात कोपरापासून गेला तर कमाईची ताकद किती गेली, पाय गेला तर किती, डोळा गेला तर किती, सगळे लिहिलेले आहे. तो तक्ता बोटाच्या पेरापर्यंत उतरतो. पण कानाशी आला की एकदम तुटक होतो. कान त्यात आहे तो पुरता गेलेला. अर्धा गेलेला, पाऊण गेलेला कान तक्त्यात नाही. त्याने कमाई किती बुडाली ते डॉक्टरने सांगायचे. शिवाय कान अपघाताने जायला हवा, एका दिवशी, एका ठोक्यात. रोज थोडाथोडा करून वीस हंगामांत गेलेला कान कायद्याच्या लेखी गेलेलाच नसतो. तो म्हातारपणात जमा होतो.

म्हणजे मोहदरकरला फार काही करायचे नव्हते. माणसाच्या कानात दोन-चार आणे शिल्लक आहेत एवढे लिहिले की काम भागत होते. तो तर चौदा लिही.

कौतिकाबाईची गोष्ट इथे सुरू होते.

कौतिकाबाई रेच्यावर वीस हंगाम उभी राहिलेली बाई. बुटकी, काळीसावळी, भुवयांवर नेहमी कापसाचा पांढरा भुरका. त्या वर्षी हंगामाच्या मध्यावर कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसकडे जाणारी वाफेची मोठी नळी तिच्यापासून दोन हातांवर फुटली. भाजले कोणाला नाही. कौतिकाबाई खाली बसली, उठली तेव्हा तिच्या लुगड्याच्या पदरावर दोन्ही बाजूंना रक्ताचे टिपके होते. जीनच्या अपघातवहीत त्या दिवशी लिहिले गेले: "कोणासही इजा नाही." आठ दिवसांनी मॅनेजरने तिला मागून हाक मारली, ती वळली नाही, आणि तिला डॉक्टरकडे पाठवण्यात आले. डॉक्टरने त्या वेळी पासरीला हातही न लावता दाखला दिला: "ऐकू येत नसल्याने यंत्राजवळ काम करण्यास अपात्र." त्या दाखल्यावर तिला कामावरून काढले.

तिला आमच्या कचेरीत घेऊन आली ती तिच्या शेजारच्या रेच्यावरची यमुनाबाई. यमुनाबाईची जीभ आख्ख्या जीनमध्ये प्रसिद्ध होती. तिने दाखला माझ्या टेबलावर आपटला आणि म्हणाली, "भाऊ, हे बहिरी झाली म्हून काढली ना? मंग बहिरी झाल्याचे पैसे काहून देत नाहीत? का बहिरेपन बी मालकाच्याच घरचं हाये?"

मी अर्ज लिहिला. त्या अर्जावर मी दोन दिवस खपलो. मालकाच्या वकिलाने अर्थातच नवी तपासणी मागितली, आणि तपासणी करणारा डॉक्टर तोच.

आम्ही तिघे माडीवर गेलो. दोघी बायांनी जिन्याच्या खालच्या पायरीवर चपला काढल्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते. साहेबाच्या दारात चपला घालून जायचे नसते हे त्या जन्मापासून शिकल्या होत्या. मी माझे बूट घालून वर गेलो. कॉलेजात शिकलेला होतो.

"या, बाई," डॉक्टर गोड आवाजात म्हणाला. कौतिकाबाई त्याच्या ओठांकडे बघत होती. त्याने खुणेने भिंत दाखवली. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तो मागे गेला, पासरी उचलली, सोडली.

कौतिकाबाई गर्रकन वळली.

"चौदा आणे," डॉक्टर म्हणाला आणि टाक उचलला.

यमुनाबाई पुढे झाली. "अवो डाक्टर, तिले काई ऐकू नाई आलं! मी रोज तिच्या कानापाशी बोंबलतो, ते पलटत नाई!"

"मग आत्ता कशी वळली, यमुनाबाई?" तो हसत म्हणाला. "पाठीला डोळे आहेत का तिला?"

खरे सांगतो, त्या क्षणी मलाही तिचा संशय आला. मी जिना उतरलो तो तिच्यावर चिडून. दोन दिवस लिहिलेला अर्ज, आणि बाई ढोंगी निघाली! खाली ती पायरीवर बसून चपला घालत होती. मी यमुनाबाईला म्हणालो, "तिला विचारा, वळली का?" यमुनाबाईने तिच्या समोर बसून आवाज न काढता ओठ हलवले. कौतिकाबाईने माझ्याकडे पाहिले आणि रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"धमक बसली ना पायाले! त्यानं धोंडा टाकला का काय टाकला मांगं, फळी हालली! जिनात बी असंच आस्ते भाऊ. रेचा बिघडला का पायालेच पयले कळते. कान त कवापासूनच थोडे थोडे जाऊन राह्यले होते, पन पोराचं रडनं ऐकू ये, भजन ऐकू ये. थे नळी फुटली अन सारं बंद झालं."

रस्त्यावरची दोन माणसे थांबून बघायला लागली. मी तिथेच उभा राहिलो. वीस हंगाम हलत्या जमिनीवर अनवाणी उभी राहिलेली बाई पायांनी ऐकायला शिकली होती. आणि माडीवर अनवाणी का होती, तर डॉक्टरला मान द्यायचा म्हणून. त्या मानानेच तिचे कान शाबूत ठरवले होते. मोहदरकरला हे कसे कळणार? त्याच्या पायांत रबरी तळाचे बूट होते.

मी परत वर गेलो. दोन्ही दाखले त्याच्या पुढे ठेवले. एकात बाईला ऐकू येत नाही, दुसऱ्यात चौदा आणे येते. शाई एक, सही एक, मध्ये पाच आठवडे.

"डॉक्टर, यातला खरा कोणता?"

त्याने दोन्ही कागद नीट जुळवून माझ्याकडे परत सरकवले. कोपरासुद्धा दुमडू दिला नाही.

"दोन्ही खरे आहेत. पहिला दाखला यंत्रासाठी होता, दुसरा कायद्यासाठी आहे. यंत्राला चौदा आणे कान पुरत नाही, पत्रकवाले. कायद्याला दोन आणे पुरतो."

मी अनेक हुशार माणसे ऐकली आहेत. इतक्या थोड्या शब्दांत इतका नीचपणा बसवलेला ऐकला नाही. मी त्याला पायांचे सांगितले. तो कुतूहलाने ऐकत राहिला, मध्ये एकदा स्वतःच्या बुटांकडे बघितले. "मनोरंजक आहे," म्हणाला. मग तानपुऱ्याची गवसणी काढू लागला.

भरपाईचे दावे ऐकणारे साहेब अमरावतीला बसत. सकाळच्या गाडीने आम्ही निघालो, बडनेऱ्याला गाडी बदलली. दोघी बायांनी कापडात भाकरी आणि ठेचा बांधून घेतला होता. डॉक्टर त्याच गाडीच्या वरच्या वर्गाच्या डब्यात होता. स्टेशनवर उतरल्यावर हमालाच्या डोक्यावर त्याची लहानशी पेटी दिसली. यमुनाबाई म्हणाली, "पाह्य बाप्पा, धोंडा बी संगं घेऊन आला. त्याचं तिकीट काढलं का नाई कोन जाने."

कचेरी एका जुन्या माडीवर होती आणि सुदैवाने तिथेही फळ्यांची जमीन होती. साहेब वयस्क, थकलेले, पण वाईट नव्हते. डॉक्टरने चौदा आण्यांचा दाखला वाचून दाखवला. मग मी उभा राहिलो आणि विनंती केली की ती तपासणी इथेच, साहेबांसमोर, दोनदा करावी.

पहिल्यांदा कौतिकाबाई अनवाणी उभी राहिली. पासरी पडली. ती वळली. मालकाचा वकील हसला.

मग यमुनाबाई दारात बसलेल्या चपराशाकडे गेली. त्याच्या पायांत मोटारीच्या जुन्या टायरच्या चपला होत्या, दोन बोटे जाड. "दे बावा घडीभर," ती म्हणाली. "पळून नाई जात घेऊन. तुह्या मापाचे पाय कोनाचे हायेत?" चपराशाने साहेबांकडे पाहिले. साहेबांनी मान हलवली. कौतिकाबाई त्या होड्यांएवढ्या चपला घालून भिंतीपाशी उभी राहिली. डॉक्टर मागे गेला. मला वाटते या वेळी त्याने पासरी थोडी अधिक उंचावरून सोडली. साहेबांच्या दौतीतली शाई टेबलावर उडाली. शेजारच्या खोलीतला कारकून काय पडले म्हणून धावत आला.

कौतिकाबाई भिंतीकडे बघत उभी होती. थोड्या वेळाने तिने, अजून काही झाले कसे नाही म्हणून, हळूच मागे वळून पाहिले.

साहेबांनी डॉक्टरकडे पाहिले. मी त्या क्षणासाठी जगत होतो. मला वाटले आता हा माणूस निदान एकदा तरी घाम पुसेल. त्याने लवंगांची डबी काढली.

वकील मात्र उठला. त्याच्या हातात माझा अर्ज होता. "साहेब, मान्य. बाई पूर्ण बहिरी आहे," तो म्हणाला. "पण कधीपासून? अर्जाचे दुसरे पान पाहावे." आणि त्याने माझेच वाक्य मला वाचून दाखवले: "वर्षानुवर्षे जीनच्या राक्षसी आवाजाने अर्जदार बाईचे कान रोज थोडेथोडे खाल्ले जात होते."

ते वाक्य मी लिहिले होते. दावा नळी फुटण्याचा होता. तो तेवढाच लिहायला हवा होता. पण मला एका बाईचा दावा लहान वाटला; मला त्यात सगळ्या जीनवर, सगळ्या मालकांवर आरोप ठेवायचा होता. पत्रके वाचून वाढलेला मी. मला 'राक्षसी' हा शब्द मोह घालून गेला.

"म्हणजे हा अपघात नव्हे," वकील म्हणाला. "हे हळूहळू आलेले बहिरेपण. कायद्यात याला जागा नाही. डॉक्टरसाहेबांचे मत काय?"

आणि ज्या माणसाने थोड्या वेळापूर्वी चौदा आणे ऐकू येते असा दाखला वाचून दाखवला होता, तो तितक्याच गोड आवाजात म्हणाला, "शक्य आहे. बाई अनेक वर्षे बहिरीच असावी."

मी ओरडलो, पदरावरच्या रक्ताचे सांगितले. साहेबांनी अपघातवही मागवली. तिच्यात लिहिले होते: कोणासही इजा नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, आणि दावा काढून टाकला. ऐकू येत होते तेव्हा ती बहिरी नव्हती म्हणून काही नाही. ऐकू येत नाही हे सिद्ध झाले तेव्हा ती आधीपासूनच बहिरी होती म्हणून काही नाही.

जिन्यात डॉक्टर माझ्या शेजारून उतरला. अर्थातच मला त्याची चाहूल लागली नाही, फक्त लवंगेचा वास आला.

"पत्रकवाले, तुम्ही चांगले लिहिता," तो म्हणाला. "एक वाक्य कमी लिहिले असते तर बाई जिंकली असती."

त्याचा मला इतका तिरस्कार वाटला त्याचे एक कारण हे, की तो खरे बोलत होता.

बडनेऱ्याच्या फलाटावर आम्ही अकोल्याच्या गाडीची वाट बघत बसलो. कौतिकाबाईला निकाल काय लागला हे अजून कोणी सांगितले नव्हते. ती एकदा माझ्याकडे बघे, एकदा यमुनाबाईकडे. मला तो ओरडून सांगायचे धैर्य झाले नाही. तिच्याखेरीज सगळ्या फलाटाने ऐकला असता. शेवटी यमुनाबाई तिच्या समोर उकिडवी बसली आणि जीनमध्ये बोलतात तशी बोलली, आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. मला त्यातले एक अक्षर कळले नाही. फार वेळ बोलली. मध्ये तिने माझ्याकडे बोट दाखवले असते तर मी समजू शकलो असतो, पण तिने दाखवले नाही.

कौतिकाबाई सगळे वाचून झाल्यावर म्हणाली, नेहमीसारखीच मोठ्याने, "डाक्टरले म्हना, एक डाव जिनात येऊन उभा राय. जोडे काढून."

मग तिने कापडाची गाठ सोडून भाकरीचे तीन भाग केले आणि मोठा माझ्यापुढे केला.

पुढच्या हंगामात ती जीनमध्ये नव्हती. तेल्हाऱ्याकडे बहिणीच्या गावी कापूस वेचायला जाते असे यमुनाबाईने सांगितले. शेताची जमीन हलत नाही, त्यामुळे तिथे मागून कोणी आले तर तिला कळत नाही, आणि ती दिवसभर वळून वळून बघत वेचते.

मोहदरकरला मी शेवटचे पाहिले ते त्यानंतर वर्षभराने, एका दुपारी. दवाखान्याच्या जिन्यापाशी तो स्वतः स्टुलावर उभा राहून एक नवी पाटी सरळ करत होता. कंपाउंडर खाली उभा राहून डावीकडे, उजवीकडे सांगत होता. पांढऱ्या पाटीवर निळ्या, वळणदार अक्षरांत लिहिले होते: "चपला बाहेर काढाव्यात."

मी थांबलो. आधी तो रिवाज होता. लोक आपण होऊन पाळत. त्याला पायांचे कोडे सांगितले ते मी आणि कौतिकाबाईने. त्याने ते लक्ष देऊन ऐकले, समजून घेतले, आणि रिवाजाचा नियम करून टाकला.

"स्वच्छता हवी ना, पत्रकवाले," तो स्टुलावरून उतरत म्हणाला. त्याच्या पायांत तेच पांढरे बूट होते. त्या बुटांनीच तो आवाज न करता जिना चढून वर गेला.

एवढ्यात प्रेसमधला एक म्हातारा गाठवाला, कापसाच्या गाठी बांधणारा, आला. हातात मॅनेजरची चिठ्ठी. त्याला वाचता येत नव्हते, पण पाटी बघून, कंपाउंडरच्या बोटाकडे बघून त्याला कळले. तो खालच्या पायरीवर बसून चपला काढू लागला. चांगल्या टायरच्या होत्या, जाड. जिन्याच्या वरच्या टोकाला मोहदरकर दार धरून उभा होता, हसत, पाहुण्याची वाट बघावी तसा.

"बाबा, चपला काढू नका!" मी रस्त्यावरून हाक मारली. म्हाताऱ्याला ती ऐकू आली नाही, तो अनवाणी जिना चढला. मोहदरकरला आली. त्याने माझ्याकडे बघून मान किंचित लववली, म्हाताऱ्याला आत घेतले आणि दार लावले. मी जिन्याकडे धावलो तेवढ्यात वरून धप्प आवाज झाला.

मी उशीर केला. तुम्ही करू नका. तुमच्या घरातल्या, वस्तीतल्या, जीनमधल्या कोणाच्या हातात अशी चिठ्ठी पडली तर त्याला एकट्याला पाठवू नका. रोजी बुडाली तरी चालेल, सोबत जा. खालच्या पायरीवर ती पाटी दिसेल. ती त्याला मोठ्याने वाचून दाखवायची गरज नाही. फक्त त्याचा दंड धरा, आणि चपला घालूनच त्याला वर न्या.